मुकादमाची खोली

थंडोबा हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं, आणि देताना त्याच्या स्वभावाचा मुळीच विचार केला नाही. शीतगृहं, दुकानांतले उभे फ्रिज, बर्फाची यंत्रं, जे जे गार राहायला हवं आणि राहत नाही, ते दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं सामान गार करण्यात गेली, पण स्वतःचं डोकं काही त्याला गार ठेवता आलं नाही. हातातून साधा स्क्रू निसटला तरी तो स्क्रूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. चहा निवायची वाट बघणंही त्याला जमत नसे, म्हणून जीभ कायम पोळलेली.

त्याच्या कुत्र्याचं नाव मुकादम. हे नाव मात्र अगदी विचार करून पडलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी हे पिल्लू एका शीतगृहाच्या दाराशी सापडलं आणि तेव्हापासून थंडोबाच्या प्रत्येक कामावर हजर राहिलं. पिकअपच्या उघड्या हौद्यात उभं राहून, कान वाऱ्यावर सोडून यायचं. काम सुरू झालं की चार हात लांब बसायचं आणि एकटक बघत राहायचं. स्वतः काडी इकडची तिकडे करायची नाही, पण दुसऱ्याने पाना चुकीचा उचलला की नाकातून एक मोठा सुस्कारा सोडायचा. मुकादम तो मुकादमच.

आता मुकादम वासराएवढा झाला होता आणि म्हाताराही. मागचे पाय धरले होते. गेल्या थंडीत एका वळणावर तो हौद्यात आडवा पडला आणि महिनाभर लंगडला. तेव्हापासून त्याचं कामावर जाणं बंद होतं. घरी आईच्या खोलीच्या दाराशी पडून तो तिच्या निवडण्या-टिपण्यावर देखरेख करायचा. आई म्हणायची, "कामावरून काढलं तरी सवय काही जात नाही बघ."

अशात थंडोबाच्या बायकोची बदली झाली. ती परिचारिका होती. सात तासांच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गावच्या रुग्णालयात तिला सोमवारी रुजू व्हायचं होतं. सामान शनिवारी ट्रकने जाणार आणि रविवारी सकाळी पिकअपने घरची माणसं. केबिनमध्ये जागा तिघांची. थंडोबा, बायको आणि आई बसले की हात हलवायलाही परवानगी घ्यावी लागे. मुकादमाला एकदाच केबिनमध्ये बसवलं होतं. त्याने गिअरचा दांडा पोटाखाली घेतला आणि गाडी घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रडत आली. म्हणजे त्याची जागा हौद्यातच, आणि उघड्या हौद्यात ते पाय टिकणारे नव्हते.

"त्यात काय एवढं," थंडोबा म्हणाला. "मी त्याला असा डबा करून देतो की तिथून उतरायला तयार होणार नाही."

आणि त्याने खरोखरच जीव ओतला. एका भंगारवाल्याकडून फायबरचा टप, म्हणजे काचा असलेलं बंद छप्पर, आणला आणि हौद्यावर पक्का बसवला. आतून शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो जाड फोम चिकटवला. वरून पांढरा रंग दिला, दोन्ही बाजूंच्या सरकत्या काचांना काळी फिल्म लावली. तळाला रबरी चटई टाकली आणि तिच्यावर आईची जुनी गादी. पाण्याचं भांडं हिंदकळू नये म्हणून फळीला गोल भोक पाडून त्यात बसवलं. चढायला फळीचा उतार केला आणि त्यावर पाय घसरू नये म्हणून गोणपाट ठोकलं. समोर, केबिनच्या बाजूला, बाहेरची हवा यायला एक झडप ठेवली. आणि मागच्या बाजूला, फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या खाली पडणाऱ्या दाराच्या वर, एक एक्झॉस्ट फॅन. गरम हवा बाहेर ओढली की गार हवा आपोआप आत येते, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं वाक्य होतं आणि त्याच्या मते जगातलंही. आतला तापमापक तारेने केबिनमध्ये आणला, म्हणजे गाडी चालवताना आकडा डोळ्यांसमोर.

आई दारातून बघत होती. "माझ्या खोलीतला पंखा दोन वर्षं खडखडतोय."

"करतो ना, आई."

"नाही, करूच नकोस आता. आपण चाललो हे घर सोडून. पण गादी नेताना मला विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं."

"तू वापरत नव्हतीस."

"तेच म्हणते. विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं."

मंगळवारी चाचणी झाली. मुकादम उतारावरून स्वतः चढला, तीन गिरक्या घेतल्या आणि गादीवर असा पसरला की जणू भाडं भरून राहतोय. थंडोबाने टप बंद केला, पंखा लावला. शीतगृहाच्या दाराशी कागदाची पट्टी धरून हवा कुठून कुठे जाते ते बघायची त्याची जुनी सवय, तशी त्याने पंख्याशी पट्टी धरली. पट्टी ताठ बाहेर. उभ्या गाडीत कुत्रा तासभर घोरला. आकडा सव्वीस. थंडोबाला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि ते वाटायला हरकत नव्हती.

मग तो गाडी घेऊन बाहेर पडला. बाजारातून जाऊन बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून यायचं, अर्ध्या तासाचं काम. दहा मिनिटं झाली असतील, मागून केबिनच्या काचेवर नखांचा आवाज येऊ लागला. मग धडका. थंडोबाने आकडा बघितला, सव्वीस. "गप बस रे," तो म्हणाला. धडका वाढल्या, मग कमी झाल्या. घरी येऊन त्याने मागची काच उचलली तेव्हा मुकादम कोपऱ्यात धापा टाकत होता. तोंडातून लाळ गळत होती आणि आईच्या गादीवर सकाळचं दूध पडलं होतं.

बुधवारी थंडोबाने गादी धुतली आणि बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या. आकडा तेवीसवर आला. कुत्रा तसाच. समोरच्या झडपेतून वारा थेट कानात जात असेल असं वाटून गुरुवारी ती झडप अर्धी बंद केली. कुत्रा जास्तच बिघडला. हवा कमी पडतेय म्हणून त्याच दुपारी जुना पंखा काढून दुप्पट ताकदीचा लावला. त्या फेरीनंतर मुकादमाला उतारावरून उतरताही येईना. तो चाकाला टेकून उभा राहिला आणि चारी पाय वेगवेगळ्या दिशांना जायला लागले.

थंडोबाच्या डोक्याची काय अवस्था झाली असेल ते सांगायला नको. बिघडलेलं यंत्र त्याला कळायचं. यंत्र बिघडतं तेव्हा काहीतरी सांगतं, आकडा हलतो, आवाज बदलतो. इथे यंत्र ठणठणीत होतं. हवा खेळती, तापमान झकास, गादी मऊ. सगळं बरोबर आणि कुत्रं चूक. असल्या बिघाडाला पाना कुठे लावायचा?

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला टेबलावर घेऊन छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. "घरी खातो-पितो?"

"घोड्यासारखा. गाडीतच नाटकं."

"पूर्वी उघड्या गाडीत जायचा म्हणालात. आता बंद केलंय, म्हातारा झालाय, घाबरतो. गोळ्या देते. पण सात तास फार होतात हो. कुणी जवळचं असेल तर सोडून जा. या वयात घर बदलण्यापेक्षा ओळखीची गल्ली बरी."

गोळी देऊन शुक्रवारी शेवटची फेरी झाली. यावेळी धडका आल्याच नाहीत. फक्त एकदा बारीक, लांब, रडल्यासारखा आवाज आला. थंडोबाने गाडी रस्त्याच्या कडेला लावली, मागे गेला आणि काच उचलली. कुत्र्याने पुन्हा सगळं ओकलं होतं. आणि मग आठवडाभराचं साचलेलं सगळं थंडोबाच्या तोंडून बाहेर आलं.

"काय पाहिजे काय तुला? सांग ना. माझ्या आईला नाही एवढं केलं तुझ्यासाठी. गादी दिली, पंखा दिला, बर्फ दिला. आता मांडीवर घेऊन अंगाई म्हणू? उतर. उतर म्हणतो ना."

मुकादम उतरला. उतरताना पडला, उठला आणि धन्याच्या पायाशी येऊन बसला, कारण दुसरीकडे जायचं त्याला सुचलं नसावं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघत होती. थंडोबाला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तो असाच होता.

संध्याकाळी त्याने घरी निकाल सांगितला. कुत्रा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्त्रीवाल्याकडे राहील.

इस्त्रीवाला चांगला माणूस होता, हीच त्यातली अडचण. वाईट असता तर थंडोबाला नाही म्हणता आलं असतं. तो बदलीची बातमी ऐकल्यापासून सांगत होता, "थंडोबा, मी सांभाळतो. माझ्या टेबलाखाली मस्त ऊब असते. म्हाताऱ्या हाडांना ऊब लागते." ज्या माणसाने गारव्यावर आयुष्य काढलं त्याला हे ऐकवायचं म्हणजे काय. पण मुकादम खरोखरच जाता-येता त्या टेबलाखाली पाच मिनिटं टेकायचा. थंडोबाने पट्टा, ताटली आणि बिस्किटांचा डबा तिथे नेऊन ठेवला. कुत्रं सकाळी आणून देतो म्हणाला. अकरा वर्षं ज्याने आपलं प्रत्येक काम बघितलं, त्याच्याचसाठी केलेलं एक काम आपल्याला जमलं नाही, हे त्याला गिळता येत नव्हतं.

शनिवारी सामानाचा ट्रक गेला. बायको रुग्णालयात शेवटचा दिवस भरायला, हातातलं काम दुसऱ्या बाईकडे सोपवायला गेली होती. थंडोबा पट्ट्याऐवजी दोरी बांधून मुकादमाला नेणार, तेवढ्यात आई चपला घालून, काठी घेऊन बाहेर आली.

"मी बसते त्याच्याबरोबर मागे. एक फेरी मार."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"का? मला गादी नवी नाही. त्याला सोडून जायचंय ना, जाऊ. पण का सोडलं ते मला कळलं पाहिजे. तुझ्या आकड्यांनी मला काही कळत नाही."

"तुझे गुडघे."

"माझे गुडघे मी आणते बरोबर. तू गाडी काढ."

तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. ती उतारावरून हातापायांवर चढली, गादीवर भिंतीला टेकून बसली. मुकादम खाली उभा राहून बघत होता. आठवडाभरात त्याला उतार चढायची इच्छा राहिली नव्हती. पण आई आत दिसली तसा तो कुरकुरत, थांबत थांबत चढला आणि तिच्या मांडीला पाठ लावून बसला. थंडोबाने काच लावली, पंखा पूर्ण सोडला. आकडा पंचवीस.

बाजार ओलांडला आणि आठ-दहा मिनिटांत काठीचे ठोके सुरू झाले. ठक, ठक, ठक, केबिनच्या काचेवर. 'आता हिचं सुरू झालं,' थंडोबा मनात म्हणाला. पुढे अरुंद पूल होता, मागे गाड्यांची रांग, थांबायला जागा नव्हती. त्याने आरशात बघत हाताची पाच बोटं वर केली, पाच मिनिटं. ठोके जोरात झाले. त्याने आकड्याकडे बोट दाखवलं, जणू तिला तो दिसणार होता. आठवडाभर तो हेच ऐकत होता, नखं, धडका, रडणं, आणि त्याचे कान आता त्या आवाजाला मेले होते. मग ठोके विरळ झाले आणि थांबले. थंडोबाला हायसं वाटलं. पूल संपल्यावरही तो लगेच थांबला नाही. शांत झालीत तर घरापर्यंतच जाऊ, असा त्याने विचार केला. हे त्याने नंतर स्वतःच्या तोंडाने बायकोला सांगितलं, आणि सांगताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

घराशी येऊन त्याने इंजीन बंद केलं. पंखा चालूच होता. खिशातल्या किल्ल्या शोधून, कुलूप काढून, काच उचलेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. आई आडवी झाली होती. तिचं तोंड समोरच्या अर्ध्या बंद झडपेच्या फटीला लागलं होतं, आणि तिच्या गालाला चिकटून, त्याच फटीला, मुकादमाचं नाक. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आई. ए आई."

तिने डोळे उघडले. त्याने तिला उचलून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं. ती बाजूला वाकली आणि ओकली. मुकादम उतारावर अर्धा येऊन तिथेच आडवा झाला.

"धूर," आई म्हणाली.

"कसला धूर? आत धूर कुठाय?" त्याने हौद्यात डोकं घालून हुंगलं. फोमचा नाही, ओकारीचा नाही, कसलाच वास त्याला आला नाही. येणार कसा? पंचवीस वर्षं नळ्यांच्या जोडांना डाग देण्याच्या धुरात आणि यंत्रांतल्या गॅसमध्ये त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. घरात दूध करपलं तरी ते त्याला दुसरे सांगायचे. आणि जो काही धूर होता तो एव्हाना पंख्याने इमानदारीने बाहेर काढून टाकला होता.

"गाडीचा धूर," आई म्हणाली. "मागून येत होता. फाळक्याच्या फटीतून. भसाभसा."

त्याने तिला तशीच केबिनमध्ये घालून बायकोच्या रुग्णालयात नेलं. मुकादमाला तिच्या पायांशी कोंबलं. गिअर कुठे अडकतो याची पर्वा केली नाही. तिथे आईच्या नाकाला ऑक्सिजन लावला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मुकादम बाहेर झाडाखाली वाऱ्यात पडून राहिला. दोन तासांत आईच्या ओठांना रंग आला आणि तिने चहा मागितला.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती व्हरांड्यात त्याच्यासमोर उभी राहिली आणि कामावरच्या आवाजात बोलली. "अहो, तो धूर रक्तात गेला की माणूस हळूहळू शांत होतो. धडपड थांबते. बघणाऱ्याला वाटतं, झोपलं, बरं झालं. अजून दहा मिनिटं तुम्ही तसेच आला असतात तर."

एवढं बोलून ती आत आईकडे गेली.

दुपारी त्याने आईला विचारून तिच्या प्रवासाच्या पिशवीतले विणकामाच्या लोकरीचे तुकडे घरून आणले आणि फाळक्याच्या चारी बाजूंच्या फटींवर आतून वीतभर लांबीचे चिकटवले. बाजूच्या काचा पूर्ण उघडल्या, समोरची झडप जशी होती तशी ठेवली, पंखा लावला. मग किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. पंधरा वर्षांत त्याने तिला ही गाडी चालवू दिली नव्हती, तिला क्लच समजत नाही म्हणून. "रुग्णालयाच्या आवारातून दोन फेऱ्या मार," तो म्हणाला आणि हौद्यात जाऊन बसला.

गाडी उभी होती तोवर लोकर लोंबत होती. गाडी हलली, वेग घेतला, आणि फाळक्याजवळचा एकेक धागा उठून आडवा झाला. सगळे आत. सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते.

मग त्याला सगळं कळलं, आणि इतकं सोपं होतं की त्याला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पंखा वरून हवा बाहेर ओढत होता. ओढलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा जवळच्या फटीतून येणार, आणि जवळची फट फाळक्याची. फाळक्याखाली सायलेन्सर, आणि धावत्या गाडीचा धूर तिच्या पाठीशीच घोटाळत राहतो. खोलीत पंखा असा लावतात ते बरोबर, पण खोलीच्या मागे तिचा सायलेन्सर धावत नसतो. उभ्या गाडीत त्याने कागदाची पट्टी धरली होती, चालत्या गाडीत कधी धरलीच नाही. मुकादमाने धडका दिल्या तेव्हा त्याने झडप अर्धी बंद केली. मुकादम ओकला तेव्हा दुप्पट पंखा लावला. मुकादमाने हातपाय गाळले तेव्हा त्याला भित्रा म्हटलं आणि गोळी दिली. अकरा वर्षांच्या सोबत्याला त्याने रोज अर्धा तास धूर पाजला होता आणि वर आकडा दाखवला होता. आणि ते बिचारं दर वेळी पुन्हा उतारावरून चढत होतं, याने बोलावलं म्हणून.

थंडोबा हौद्यात बसून रडला. बायकोने आरशातून बघितलं आणि आणखी एक फेरी मारली.

मग तो कामाला लागला. पंखा मागून काढून समोरच्या भिंतीत उंचावर बसवला, उलटा, बाहेरची हवा आत ढकलणारा. फाळक्याला चारी बाजूंनी शीतगृहाच्या दाराचं रबर लावलं. सायलेन्सरची नळी वाढवून बाजूने बाहेर काढली. लोकर पुन्हा, यावेळी बाजूच्या काचांवरही, चिकटवून पुन्हा फेरी. आता बाजूच्या काचांवरचे धागे बाहेर उडत होते आणि फाळक्याचे मुकाट लोंबत होते. बायकोनेही एक फेरी आत बसून हुंगून घेतली, कारण तिचं नाक चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत काम झालं, आईलाही डॉक्टरांनी घरी सोडलं. चार हात लांब बसून सुस्कारे टाकणारं मात्र कुणी नव्हतं. मुकादम इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली झोपला होता. थंडोबानेच त्याला तिथे सोडलं होतं, त्याला पुन्हा गाडीजवळ आणायचं धाडस झालं नाही म्हणून.

रविवारी सकाळी तो त्याला आणायला गेला. मुकादम शेपटी हलवत आला, गल्ली चालला, आणि पिकअप दिसल्याबरोबर थांबला. शेपटी पोटाखाली गेली. बिस्किट दाखवलं, नाही. उकडलेलं अंडं दाखवलं, नाही. थंडोबाने दोरी हातात घेतली तसे त्याने पुढचे पाय रोवले आणि मान फिरवली. धन्याकडे तो बघतच नव्हता.

इस्त्रीवाला मागोमाग आला होता. "राहू दे ना थंडोबा. त्याची इच्छा दिसत नाही."

बायको स्टेअरिंगवर होती, आई तिच्या शेजारी. बायकोने घड्याळ बघितलं. शेजारपाजारचे दारात आले होते. थंडोबाच्या कानशिलांत ती ओळखीची गरमी चढायला लागली. उचलून आत टाकायचं, काच लावायची, निघायचं, दोन मिनिटांचं काम. त्याने दोरी सोडून दिली.

तो एकटाच उतारावरून चढला आणि आईच्या गादीवर आडवा झाला. "इंजीन सुरू कर," तो बायकोला ओरडून म्हणाला. "पंखाही लाव. आणि थांब."

इंजीन सुरू झालं तसा मुकादम दोन पावलं मागे गेला. थंडोबा छताकडे बघत पडून राहिला. ज्याला चहा निवायचा धीर नव्हता तो माणूस अर्धा तास तसा पडून होता, आणि त्या अर्ध्या तासात त्याने एक शब्द उच्चारला नाही. बाहेर काय चाललंय ते त्याला नुसतं ऐकू येत होतं. आधी पावलं गाडीभोवती फिरली. मग नळीपाशी हुंगल्याचा आवाज. मग फाळक्याच्या रबरापाशी, बराच वेळ. मग काहीच नाही. बसला असणार चार हात लांब, बघत.

मग एक मोठा सुस्कारा ऐकू आला, आणि गोणपाटावर नखं वाजली.

मुकादम आत आला. थंडोबाजवळ मात्र आला नाही. त्याला वळसा घालून समोरच्या पंख्याखाली गेला, आत येणाऱ्या हवेत नाक धरून तिथेच बसला, पाठ धन्याकडे. इस्त्रीवाल्याने पट्टा, ताटली आणि बिस्किटांचा डबा आत सरकवला आणि हळूच काच लावली.

गाव मागे पडलं. बायको उत्तम गाडी चालवत होती, क्लच तिला चांगलाच समजत होता. तासाभराने मुकादम आडवा झाला. आणखी थोड्या वेळाने त्याने डोळे मिटले. धडका नाहीत, नखं नाहीत, कसलाच आवाज नाही. आठवडाभर थंडोबा ज्या शांततेसाठी तडफडला होता ती अखेर मिळाली, आणि ती त्याला ऐकवेना. तो गुडघ्यांवर सरकत गेला आणि कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. मुकादमाने एक डोळा उघडला, त्याच्याकडे नापसंतीने बघितलं आणि मिटला.

पाच मिनिटांनी त्याने पुन्हा हलवून बघितलं. मग पुन्हा. केबिनची काच सरकली आणि आईचा आवाज आला. "झोपला का रे?"

"मीच झोपू देत नाहीये."

"आकडा किती आहे?"

"बघितला नाही."

आईने काच लावली नाही, थोडी उघडीच ठेवली. सहाव्यांदा त्याने हात पुढे केला तेव्हा मुकादम उठला. थंडोबाला वाटलं, आता हा लांब कोपऱ्यात जाणार. पण तो जवळ आला, त्या पसरलेल्या हातावर स्वतःचं सगळं वजन टाकून आडवा झाला आणि घोरायला लागला. हात खाली अडकला. आता हलवून बघता येणार नव्हतं, पण घोरणं ऐकू येत होतं आणि श्वास तळहाताला लागत होता. पुढच्या पाच तासांत हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. थंडोबाने तो काढून घेतला नाही.